मूळ आकडा आणि दिसणारा आकडा



एका पांढऱ्या पडद्यावर शेंदरी रंगाचा एक ठिपका डावीकडून उजवीकडे संथपणे सरकत आहे, असे क्षणभर डोळ्यांसमोर आणा. तो ठिपका आता कोठे आहे, असे कोणी विचारले तर आपण बोट दाखवू आणि म्हणू, "हा काय, येथे." आपले बोट खाली येण्याच्या आत तो पुढे गेलेला असेल, ही गोष्ट वेगळी. परंतु ज्या संगणकाने तो ठिपका रेखाटला आहे त्यालाच हा प्रश्न विचारला, तर तो एक नव्हे, दोन उत्तरे देतो. ठिपका या क्षणी जेथे दिसत आहे ती जागा, हे एक उत्तर. आणि चित्र लिहिणाऱ्याने त्या ठिपक्यासाठी मुळात जी जागा लिहून ठेवली होती ती, हे दुसरे. या दोन उत्तरांतील भेद मला उशिरा कळला, आणि तो कळेपर्यंत माझ्या हातून एका विद्यार्थिनीच्या कामाची नासाडी झाली होती. आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

मी इंदूरच्या एका शाळेत गणित आणि भूगोल शिकवितो. संगणकाचे माझे ज्ञान मध्यम प्रतीचे आहे. शाळा सुटल्यावर मुलांच्या शेजारी बसून जेवढे पदरात पडले तेवढेच. तेव्हा या विषयातील जाणकारांनी माझे बोलणे थोडे सांभाळून घ्यावे.

संगणकावरील चित्रे दोन जातींची असतात. छायाचित्र हे बारीक बारीक रंगीत कणांचे बनलेले असते. ते मोठे करीत गेले की कण उघडे पडतात आणि चित्र विस्कटते. दुसऱ्या जातीच्या चित्रात कण साठविलेले नसतात, तर कृती लिहिलेली असते: अमुक ठिकाणी मध्य धरून अमुक त्रिज्येचे वर्तुळ काढा, येथून तेथवर रेषा ओढा, आत शेंदरी रंग भरा. कंपास आणि पट्टी घेऊन फळ्यावर आकृती काढण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ही जात पाहताक्षणी आपलीशी वाटते. अशा चित्रास सदिश चित्र म्हणतात, आणि ते लिहिण्याची जी पद्धत आज सर्व प्रचलित ब्राउझरांना समजते तिचे नाव एसव्हीजी. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने तिची पहिली प्रमाणित आवृत्ती ४ सप्टेंबर २००१ रोजी प्रसिद्ध केली. हे चित्र अक्षरांत लिहिता येते आणि अक्षरांतच वाचता येते. वर्तुळाच्या मध्याचे आडवे अंतर 'सीएक्स', उभे अंतर 'सीवाय' आणि त्रिज्या 'आर', अशी नावे. आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. या नावांना वर्तुळाचे गुणधर्म म्हणू.

याच लिखाणात हालचालीची आज्ञाही देता येते. वर्तुळाच्या पोटात 'अ‍ॅनिमेट' नावाची एक ओळ घातली आणि 'त्रिज्या पाच सेकंदांत दहापासून शंभरापर्यंत वाढव' असे सांगितले, की ब्राउझर ते बिनतक्रार करतो. येथे एक नाजूक व्यवस्था केलेली आहे. हालचाल चालू असताना ब्राउझर लिहिलेला आकडा खोडून त्या जागी नवा आकडा लिहीत नाही. मूळ आकडा जागच्या जागी राहतो. त्यावर जणू एक पातळ कागद ठेवलेला असतो, बदलता आकडा त्या कागदावर लिहिला जातो, आणि पडद्यावर दिसते ते कागदावरचे. हालचाल संपली की कागद उचलला जातो आणि खालचा मूळ आकडा पुन्हा दिसू लागतो. शेवटचे रूप तसेच टिकून राहावे अशी आज्ञा देता येते. पण तेव्हाही कागद उचललेला नसतो इतकेच, खालचा आकडा बदललेला नसतो.

प्रोग्रॅम लिहिणारास हे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे मागता येतात. मुळातल्या आकड्याचे नाव 'बेसव्हॅल' आणि दिसणाऱ्याचे 'अ‍ॅनिमव्हॅल'. पहिला वाचताही येतो आणि बदलताही येतो. दुसरा केवळ वाचावयाचा. तेथे लिहू गेल्यास ब्राउझर दाद देत नाही. आणि गुणधर्माचा आकडा नेहमीच्या साध्या रीतीने, नुसते नाव घेऊन विचारला, तर हाती येतो तोही मूळचाच. चित्र फाइलीत साठविले तरी तेथे उतरतो तो मूळचाच. कागदावरचा आकडा फाइलीत जात नाही.

आता मूळ आकडा बदलला म्हणजे काय होते, ते पाहू. गेल्या नाताळात माझ्या धाकट्या मुलाने गव्हाणीच्या देखाव्यामागे ठेवण्यासाठी संगणकाच्या पडद्यावर एक चांदणी तयार केली होती. चांदणीभोवतीचे तेजोवलय म्हणजे एक वर्तुळ, आणि त्याची त्रिज्या दहापासून शंभरापर्यंत वाढणारी. वलयाची मूळ त्रिज्या चाळीस होती. ती साठ करण्यासाठी त्याने एक कळ ठेवली. वलय फुलत असताना त्याने कळ दाबली. काहीच झाले नाही. त्याने पुन्हा दाबली, मग चिडून आठ-दहा वेळा दाबली, आणि "बाबा, हा संगणक ऐकतच नाही" म्हणून माझ्याकडे आला. संगणकाने पहिल्याच खेपेस ऐकले होते. 'दहापासून शंभरापर्यंत' ही आज्ञा निरपेक्ष आहे. तिला खालचा आकडा काय आहे याच्याशी कर्तव्य नाही. तो कागदाखाली मुकाट्याने साठ झाला होता, आणि हालचाल थांबताच वलय साठावर येऊन स्थिरावले.

परंतु हालचालीची आज्ञा निराळ्या प्रकारेही देता येते. 'अमुकपासून तमुकपर्यंत' असे न सांगता 'आहे त्यात वीस मिळव' एवढेच सांगावयाचे. ही आज्ञा सापेक्ष. येथे दिसणारा आकडा प्रत्येक क्षणी मुळातल्या आकड्यावर उभा असतो. मूळ पाचाने वाढविले तर पडद्यावरचे चित्र तत्क्षणी पाचाने सरकते. माझी फसगत झाली ती या दुसऱ्या प्रकारात. ती सांगण्यापूर्वी आपणांस थोडे उज्जैनला नेतो.

इंदूरपासून साठ किलोमीटरही नसेल, क्षिप्रेच्या काठी सवाई जयसिंगाची वेधशाळा आहे. दिल्ली, जयपूर, मथुरा आणि वाराणसी येथे त्याने बांधलेल्या वेधशाळांची ही बहीण. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ही वास्तू मोडकळीस आली होती; ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत १९२३ साली तिचा जीर्णोद्धार झाला, आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा व्यासंगी मराठी ज्योतिर्गणिती तिला अधीक्षक म्हणून लाभला. तेथील सम्राट यंत्र हे एक प्रचंड छायायंत्र आहे. मधोमध त्रिकोणी भिंत. तिची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर. दोन्ही बाजूंना कमानीसारखे दगडी चतुर्थांश आणि त्यांवर वेळेच्या खुणा. सकाळी भिंतीची छाया पश्चिमेच्या कमानीवर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या.

यंत्र दाखविते ती वेळ आपल्या मनगटावरील घड्याळाशी जुळत नाही, आणि मुलांना नेमके हेच पाहावयाचे असते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची धरली जाते. उज्जैन सुमारे पाऊणशे अंश सेहेचाळीस कलांवर आहे, म्हणजे त्या रेषेच्या बऱ्याच पश्चिमेस. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने फरक सत्तावीस मिनिटांचा. शिवाय सूर्य वर्षभर सारख्या गतीने चालत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी तो मध्यम गतीच्या सूर्याहून सोळा मिनिटे पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्यास चौदा मिनिटे मागे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो साधारण सात मिनिटे पुढे असतो. सत्ताविसातून सात गेले, राहिली वीस. तेव्हा त्या दिवसांत घड्याळात बारा वाजले असता छाया अकरा वाजून चाळीस मिनिटांच्या आसपास दिसावयास हवी.

आमची सहल डिसेंबरच्या दुसऱ्याच आठवड्यात गेली होती. इतर मुले भिंतीच्या सावलीत डबे उघडून बसली असता नववीतील एक मुलगी सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत दर अर्ध्या तासाने छायेचे वाचन घेत होती. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. सूर्य हा बिंदू नव्हे, त्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे आहे. त्यामुळे छायेची कड दोन मिनिटांइतकी पुसट असते. काळोख कोठे संपतो आणि ऊन कोठे सुरू होते ते पाहून तिने दर वेळी दोन आकडे घेतले आणि त्यांचा मध्य काढला. अशी नऊ वाचने झाली. शाळेत आल्यावर तिने त्यांचे एसव्हीजी चित्र लिहिले: एक आडवी मोजपट्टी, दर मिनिटाला एक घर, आणि तीवर नऊ शेंदरी ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा मूळ 'सीएक्स' म्हणजे तिने यंत्रावर डोळ्यांनी पाहिलेली वेळ. मग प्रत्येकाला तिने हालचाल दिली: चार सेकंदांत वीस घरे पुढे सरक, आणि पुन्हा पहिल्यापासून. ठिपके एकामागून एक निघत, दोघांत अर्ध्या सेकंदाचे अंतर. सूर्याच्या वेळेवरून निघून ठिपका घड्याळाच्या वेळेवर पोहोचतो, हे त्या चित्रात इतके स्वच्छ दिसत होते, की माझ्या फळ्यावरच्या दहा तासिका त्यापुढे फिक्या पडाव्यात.

चित्र शाळेच्या प्रदर्शनात मोठ्या पडद्यावर लावावयाचे ठरले. डाव्या बाजूस मराठी मथळ्याला जागा हवी होती, म्हणून सर्व काही थोडे उजवीकडे सरकविण्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक वस्तूची जागा वाच, तीत पाच मिळव, आणि ती नवी जागा म्हणून लिही. मी 'जागा' म्हणून वाचले ते अ‍ॅनिमव्हॅल, कारण ठिपका आहे तेथून सरकवावयाचा तर आहे तेथलाच आकडा घ्यावा, असे माझ्या भोळ्या बुद्धीला वाटले. लिहिले मात्र बेसव्हॅलमध्ये. दुसरीकडे लिहिताच येत नाही. ठिपके धावत असतानाच मी कळ दाबली, जागा पुरेना म्हणून पुन्हा दाबली, आणि समाधान झाल्यावर चित्र त्याच फाइलीत साठवून टाकले.

काय झाले ते आता आपल्या ध्यानात आले असेल. ज्या क्षणी कळ दाबली त्या क्षणी एखादा ठिपका आपल्या मूळ जागेपासून तीन घरे पुढे होता, एखादा अकरा, एखादा एकोणीस. ती तीन, अकरा, एकोणीस घरे मुळात मिसळली गेली. पुढच्या खेपेस त्या बिघडलेल्या मुळावर आणखी. आणि यातील वैताग असा, की ठिपके सरकतच होते, त्यामुळे पाहणाऱ्या कोणालाही काही वावगे दिसले नाही. मलाही नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी छापील प्रत काढण्यासाठी तिने हालचाल बंद केली, तेव्हा मुळातले आकडे उघडे पडले. बारा वाजताचा ठिपका अकरा-चाळीसवर असावयाचा तो पार बाराच्या पलीकडे. दोन ठिपक्यांमध्ये तीस घरे असावयाची, तेथे कोठे वीस, कोठे साठच्या घरात. ती रडली नाही. ती एवढेच म्हणाली, "सर, मी लिहिलेला आकडा कुठे गेला?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्या रात्री बसून हिशेब मांडून पाहिला. मोजपट्टीला हालचाल नव्हती, ती बरोबर वीस घरे सरकली होती. त्यावरून कळ चार वेळा दाबली गेली एवढे सिद्ध झाले. एकदाच दाबली असती, तर एका खात्रीच्या वाचनावरून तो क्षण निघाला असता आणि त्या क्षणावरून बाकीचे आठ आकडे मागे फिरविता आले असते. येथे चार अज्ञात क्षण होते आणि खात्रीचा आकडा एकही नव्हता.

खरे म्हणजे मला याची जाण असावयास हवी होती. आपल्या पंचांगाचे गणित ज्यांनी ओझरते जरी पाहिले आहे त्यांना ही शिस्त परिचित आहे. इ. स. १५२० च्या सुमाराचा गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव' घ्या. त्यात आधी मध्यम ग्रह काढावयाचा, म्हणजे सारख्या गतीने चालणारा, आकाशात कोणासही न दिसणारा. मग त्याला संस्कार देऊन स्पष्ट ग्रह करावयाचा. आकाशात दिसतो तो हा. परंतु उद्याचा ग्रह काढताना गणक आजच्या स्पष्टात भर घालीत नाही. तो मध्यमाकडे परत जातो, तेथे एका दिवसाची गती मिळवितो, आणि संस्कार नव्याने देतो. संस्कार दिलेल्या आकड्यावर पुन्हा संस्कार देत गेलो तर ग्रह महिनाभरात भलत्याच राशीत जाऊन बसेल. मी नऊ ठिपक्यांचे नेमके हेच केले होते.

दुरुस्ती एका शब्दाची होती. अ‍ॅनिमव्हॅलऐवजी बेसव्हॅल वाचावयाचे, त्यात पाच मिळवावयाचे, तेथेच लिहावयाचे. सापेक्ष हालचाल आपोआप पाच घरे पुढून चालू झाली असती. त्याहून शहाणपणाचा मार्ग एका सहशिक्षिकेने दाखविला: ठिपक्यांना हातच लावू नये, सर्वांना एका गटात घालून गटच्या गट उजवीकडे सरकवावा. मग नऊ वाचने जशीच्या तशी राहतात आणि फक्त गटाच्या माथ्यावर एक आकडा वाढतो. मथळ्याला जागा हवी होती ती मापनाची बाब नव्हतीच. ती मी मापनात घुसविली होती.

मग दिसणारा आकडा कधी मागावा? मुलांनी हा प्रश्न मला विचारला, आणि तो रास्त आहे. धावत्या ठिपक्यामागून त्याच्या नावाची चिठ्ठी धावावयाची असेल, किंवा खेळात चेंडू फळीला लागला की नाही हे ठरवावयाचे असेल, तर मूळ आकडा निरुपयोगी. तेथे डोळ्यांना दिसते तेच खरे. फक्त तो आकडा पाहून सोडून द्यावयाचा, मुळात नेऊन घालावयाचा नाही. आणि येथे एक सावधगिरी आहे. एसव्हीजीच्या दुसऱ्या आवृत्तीचा जो मसुदा ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अ‍ॅनिमव्हॅल हे बेसव्हॅलचेच दुसरे नाव ठरविले आहे. म्हणजे जो ब्राउझर ते अक्षरशः पाळील, तो दोन्ही नावांनी मूळचाच आकडा देईल. तेव्हा दिसणारी त्रिज्या किंवा जागा हवी असेल तर 'गेट कम्प्युटेड स्टाइल' या मार्गाने विचारणे बरे. चुकीचे दारच बंद केले की पाहुणा वाट चुकत नाही, असा त्या मंडळींचा विचार असावा. मला स्वतःला मात्र ही दोन नावे आवडत असत. एका वस्तूचे दोन आकडे असतात, हे मुलांना नावानिशी सांगता येत असे.

हालचाल करण्याची आणखी एक रीत फार चालते, तिच्यात तर मूळ असे काही उरतच नाही. 'अ‍ॅनिमेट' न लिहिता प्रोग्रॅमच सेकंदाला साठ वेळा बेसव्हॅल बदलतो. चित्र तसेच सुरेख हलते. पण येथे कागद नाही, थेट वहीवरच खोडाखोड आहे. ही रीत वापरणाऱ्याने आरंभीचा आकडा दुसरीकडे कोठे तरी उतरवून ठेवलेला बरा.

असे उतरवून ठेवण्याची बुद्धी त्या मुलीला होती, हे आमचे भाग्य. सहलीच्या बसमध्ये तिने पेन्सिलीने लिहिलेली वही दोन दिवसांनी घरी सापडली. नवापैकी आठ वाचने स्वच्छ होती. दीड वाजताच्या वाचनावर चहाचा डाग पडून अंक विरले होते. गणिताने तो आकडा एक वाजून दहा मिनिटांच्या जवळ येतो हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते, आणि प्रदर्शनाची वेळ टळू नये म्हणून तेवढे लिहून टाकावे असे मी सुचविलेही. ती म्हणाली, "सर, तो यावा असा आकडा आहे. मी पाहिलेला नाही."

चित्र आठ ठिपक्यांनिशी पडद्यावर गेले. नवव्या ठिपक्याच्या जागी तिने एक रिकामे वर्तुळ काढले. त्याला रंग दिला नाही आणि हालचालही दिली नाही. येत्या डिसेंबरात पुन्हा उज्जैनला जावयाचे ठरले आहे. या खेपेस दीड वाजता डबा उघडावयाचा नाही, अशी सर्वांना तिची ताकीद आहे.